पंढरपूरचे देऊळ : पायरीवरून वाचलेला इतिहास

आषाढी एकादशी जवळ आली की मोबाईलवर दोन तऱ्हेचे संदेश फिरू लागतात. पहिला म्हणतो, वारीत जात नाही, माउलीच्या दारात सगळे सारखे, समता शिकायची तर पंढरीला या. दुसरा आपल्याच माणसांचा असतो. तो म्हणतो, विठ्ठल हा बुद्धच आहे, बामणांनी देऊळ लुबाडले. पुष्कळ तरुण दुसरा संदेश पुढे पाठवतात आणि पहिल्याला उत्तर द्यायची वेळ आली की गप्प बसतात, कारण हाताशी पुरावा नसतो. घोषणा असते, पण सनावळी नसते.

आम्हाला वाटते, या देवळाबद्दल बोलायचे तर आधी देऊळच वाचले पाहिजे. त्याच्या कथा, त्याचे दगड, त्याची पूजा, पूजेचा पैसा. हे सगळे उघड्यावर आहे, कुणी लपवलेले नाही. फक्त ते गाभाऱ्याच्या बाजूने वाचायची सवय महाराष्ट्राला लागली आहे. आम्ही ते दुसऱ्या टोकाकडून, महाद्वाराच्या पायरीकडून वाचणार आहोत. 'आपली पायरी ओळखून राहा' ही धमकी ज्यांच्या वाडवडिलांनी ऐकली, त्यांना पायरीवरून इतिहास वाचणे काही अवघड नाही.

कथेपासून सुरुवात करू. पुंडलिक आईबापांना छळणारा मुलगा. काशीला जाताना कुक्कुट ऋषीच्या आश्रमात त्याला गंगा, यमुना, सरस्वती मलिन रूपात येताना आणि आश्रमाची सेवा करून उजळून जाताना दिसल्या. त्याला पश्चात्ताप झाला, तो घरी परतला आणि आईबापांच्या सेवेला लागला. रुसलेल्या रुक्मिणीला शोधत दिंडीरवनात आलेला कृष्ण त्याच्या दारी उभा राहिला. पुंडलिक उठला नाही. हातातले काम सोडले नाही. मागे एक वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव अठ्ठावीस युगे विटेवर थांबला आहे.

या कथेत पुजारी नाही, हे लक्षात घ्या. मंत्र नाही, सोवळे नाही, दक्षिणा नाही, देऊळसुद्धा नाही. देव स्वतः चालत आला, एका माणसाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि माणसाने त्याला ताटकळत ठेवले. आत माणूस, बाहेर देव. ही कथा ज्या समाजाने रचली त्याला आपल्या कामाचा आणि नात्यांचा अभिमान देवापेक्षा मोठा वाटत असावा. पुढे स्कंद आणि पद्म पुराणांच्या नावावर संस्कृत पांडुरंगमाहात्म्ये तयार झाली, तीर्थांची यादी जोडली गेली, स्नानाचे पुण्य मोजले गेले. पण मूळ कथेचा कणा बदलता आला नाही. आजही चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळात पूजेचा मान कोळी समाजाकडे आहे. ज्याने देवाला उभे केले त्याची पूजा कोळ्यांकडे आणि जो उभा राहिला त्याचे देऊळ शेकडो वर्षे बडव्यांकडे. पंढरपूरच्या सगळ्या भांडणाची किल्ली या वाटणीत आहे असे आमचे मत आहे.

रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हे पुस्तक १९८४ साली आले. आंबेडकरी तरुणांनी ते वाचायलाच हवे. ढेरे आंबेडकरी नव्हते, देवावर श्रद्धा असलेले अभ्यासक होते, म्हणून तर त्यांची साक्ष अधिक महत्त्वाची. त्यांनी दाखवले की विठ्ठल हा मुळात गोपजनांचा, गवळी-धनगरांचा देव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीत धनगरांचे विठ्ठल-बिरदेव आजही जोडीने पुजले जातात. शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी विठ्ठलाचे मूळ वीरगळात, म्हणजे गाईगुरे वाचवताना मेलेल्या वीराच्या स्मारकात शोधले. अभ्यासकांत वाद असतील, पण यांतला कुणीही विठ्ठल मुळात वैदिक देव होता असे म्हणत नाही. गुराख्यांचा देव आधी मोठा झाला आणि मग त्याच्या भोवती संस्कृत माहात्म्य उभे राहिले. कष्टकऱ्यांनी देव घडवायचा आणि त्याची मालकी दुसऱ्याने घ्यायची, हा व्यवहार महाराष्ट्रात फक्त पंढरपुरातच झालेला नाही.

आता दगडांकडे येऊ. देवळात दोन महत्त्वाचे शिलालेख आहेत. पहिला शके ११५९ चा, म्हणजे इ. स. १२३७ चा. होयसळ राजा सोमेश्वराने भीमरथीच्या काठी, पंढरपुरात, विठ्ठलदेवाच्या पूजाभोगासाठी गाव दान दिल्याचे तो सांगतो. पुंडलिकाचाही त्यात उल्लेख आहे. दुसरा प्रसिद्ध 'चौऱ्याऐंशीचा लेख', शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला. देवळासाठी कुणी काय दिले याची ती नोंद आहे. खुद्द यादव राजा रामचंद्र म्हणजे रामदेवराव त्यात आहे, 'पांढरीफडमुख्य' या नात्याने. त्याचा मंत्री हेमाद्री आहे, अधिकारी आहेत, इतर देणगीदार आहेत. या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यावर पाठ घासली. म्हणजे जमाखर्चाची पाटी मोक्षाचे साधन झाली! वाचण्याजोगी वस्तू पुजण्याजोगी केली की ती कुणी वाचत नाही, याचे इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

या पाटीवर देणाऱ्यांची नावे आहेत. दगड खाणीतून काढणारे, घडवणारे, ओढून आणणारे यांची नाहीत. तुम्ही म्हणाल, कुठल्या देवळावर असतात? बरोबर आहे. पण हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण या लेखानंतर साठेक वर्षांनी याच प्रदेशात दगडाखाली काही माणसे मेली आणि त्यांतल्या एकाचे नाव या देवळाच्या दारात येऊन बसले.

त्याआधी देवळाची रचना. मुख्य दार पूर्वेला, चंद्रभागेकडे तोंड करून. त्याला महाद्वार किंवा नामदेव दरवाजा म्हणतात, कारण त्याची पहिली पायरी ही संत नामदेवांची पायरी. भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी १३५० मध्ये तिथे समाधी घेतली अशी परंपरा आहे. आत मुक्तिमंडप, मग मोकळे आवार, मग सभामंडप, मग सोळा खांबांची सोळखांबी. तिच्यात चांदीने मढवलेला गरुडखांब, ज्याला मिठी मारून भाविक पुढे जातात. मग चार खांबांची चौखांबी आणि शेवटी छोटासा गाभारा. शेजारी देवाचे शेजघर, मागच्या बाजूला रुक्मिणीचे वेगळे देऊळ. आज दिसणारे बरेचसे बांधकाम सतराव्या-अठराव्या शतकातले, जुने अवशेष पोटात घेऊन उभे राहिलेले. २०२४ मध्ये जतनाचे काम सुरू असताना जमिनीखाली तळघर सापडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या, हे अनेकांना आठवत असेल.

मूर्ती साधारण साडेतीन फुटांची, काळ्या पाषाणाची, समचरण, दोन्ही हात कमरेवर. एका हातात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. डोक्यावर उंच टोपीसारखा मुकुट, ज्यात वारकरी शिवलिंग पाहतात. कानांत माशांच्या आकाराची कुंडले. हातात शस्त्र नाही. आणि या देवळाची सगळ्यांत मोठी ओळख म्हणजे पदस्पर्श : इथे भक्त देवाच्या पायांवर डोके ठेवतो. अनेक मोठ्या देवळांत गाभाऱ्याबाहेरून हात जोडावे लागतात, इथे स्पर्श हेच दर्शन आहे.

म्हणूनच इथली अस्पृश्यता जास्त बोचरी ठरते. ज्या देवळात स्पर्श हाच विधी, तिथे ज्याचा स्पर्शच विटाळ मानला गेला त्याला जागा कुठे? महाद्वाराबाहेर. नामदेव पायरीच्या समोर. तिथे चोखामेळ्याची समाधी आहे, आणि १९४७ पर्यंत अस्पृश्यांची पंढरी त्या समाधीपाशी संपत होती.

एक तुलना पाहा. मंगळवेढ्याची दोन माणसे या देवळात चिरविश्रांती घेत आहेत. एक कान्होपात्रा, गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाच्या माणसांपासून वाचण्यासाठी ती देवाच्या पायांशी येऊन मेली असे सांगतात. तिला देवळाच्या आवारात पुरले आणि तिथे तरटीचे झाड उगवले. दुसरा चोखोबा, महार. त्याची हाडे महाद्वाराबाहेर. गणिकेच्या मुलीला पावित्र्याच्या नियमातून सूट मिळू शकली, महाराला मेल्यावरही नाही. कान्होपात्रेला जागा मिळाली याचा आम्हाला आनंदच आहे. पण 'त्या काळात सगळ्यांनाच तसे होते' असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर मोजावे.

चोखोबांच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. एका रात्री देव स्वतः त्यांचा हात धरून गाभाऱ्यात घेऊन गेला. पहाटे बडव्यांना ते आत सापडले. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात दिसला, चोरीचा आळ आला, मारहाण झाली, बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली. देवाने बैल अडवले. बडवे या आडनावाची गाठ 'बडवणे' या क्रियापदाशी लोकांनी उगीच घातलेली नाही. आणखी एका कथेत सोयराबाईच्या बाळंतपणाला देव नणंदेचे, निर्मळेचे रूप घेऊन धावून आला. महिपतीने अठराव्या शतकात 'भक्तविजया'त अशा कथा भक्तिभावाने लिहून ठेवल्या. देव चोख्याबरोबर मेलेली ढोरे ओढतो, असेही संतांनी गायले.

या कथा सुंदर आहेत, त्यांच्यामागची तळमळ खोटी नाही. पण त्यांची बांधणी तपासा. प्रत्येक कथेत देव चोख्याच्या बाजूचा असतो आणि प्रत्येक कथेच्या शेवटी देवळाचा नियम जसाच्या तसा असतो. देव रात्री हात धरून आत नेतो, सकाळी दार पुन्हा बंद. देव बैल अडवतो, बैल जुंपण्याचा अधिकार कुणाचा हे कुणी विचारत नाही. बाळंतपणाला देव येतो, कारण शेजारपाजारच्या सुईणीने महारवाड्यात पाऊल टाकायचे नसते. चमत्कार घडला की हक्काची चर्चा थांबते. 'देवाने चोख्याला जवळ केले' हे वाक्य शेकडो वर्षे कीर्तनांतून सांगितले गेले आणि ते ऐकणाऱ्या महार-मांगांना मंडपाबाहेर बसवले गेले. कीर्तनकाराला त्यात विसंगती दिसली नाही, कारण कथेतच ती सोडवून टाकलेली होती.

ती विसंगती दिसली घरातल्याच एका पोराला. चोखोबा आपल्या जन्माचा दोष कधी पूर्वकर्माकडे नेतात, कधी सोवळ्या-ओवळ्यावर उलट प्रश्न विचारतात. सोयराबाई विचारते की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, तर मग त्यातून सुटलेला कोण आहे. पण मुलगा कर्ममेळा थेट देवाशीच भांडतो. हीन जातीत घातलेस, उष्टे खायला लावलेस, वर लाज वाटत नाही का, असा त्याचा सूर आहे. चौदाव्या शतकातला हा मुलगा शाळेच्या पुस्तकात फारसा भेटत नाही. आम्हाला मात्र तो आपल्या फार जवळचा वाटतो.

आता मंगळवेढ्याचा तट. १३३८ साली गावकुसाची भिंत बांधायला महारांना वेठीला धरले होते. भिंत कोसळली. चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. बातमी कळल्यावर नामदेव आले, हाडे कानाला लावून पाहू लागले, आणि ज्या हाडांतून 'विठ्ठल' असा आवाज आला ती चोखोबांची मानून पंढरपुरात आणली, महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवांच्या मैत्रीबद्दल आम्हाला आदर आहे. मित्राची हाडे हातांनी वेचणारा शिंपी त्या काळात दुसरा दाखवा. पण कथेतली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. हाडे आवाजावरून ओळखावी लागली, कारण बाकी सगळी तशीच हाडे होती. ती कुणाची होती? त्यांची नावे कुठल्या दगडावर आहेत? चौऱ्याऐंशीच्या लेखात देणगीदारांची नोंद राहते आणि तटाखाली मेलेल्या वेठबिगारांची संख्यासुद्धा उरत नाही. ज्या गावकुसाबाहेर राहायचे तेच गावकूस फुकट बांधायचे आणि त्याखालीच मरायचे, असा हा न्याय.

बरे, ती पायरीसमोरची जागा तरी कायमची मिळाली का? नाही. पेशवाईतला, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला, १७८४ च्या सुमाराचा एक हुकूम उपलब्ध आहे. देवळाजवळची जागा अरुंद, गर्दी फार, अस्पृश्यांचा ब्राह्मणांना स्पर्श होतो, अशी तक्रार होती. निकाल असा की अस्पृश्यांनी चोखामेळ्याची पूजा दीपमाळेजवळून किंवा महारवाड्यातून करावी, देवळाजवळ येईल त्याला शिक्षा व्हावी. म्हणजे गाभारा नाही, मंडप नाही, आवार नाही, आणि आता आपल्याच संताच्या समाधीजवळही नाही. 'रूढी होती, कुणी मुद्दाम केले नाही' हा युक्तिवाद ज्यांच्या तोंडी असतो त्यांच्यापुढे हा हुकूम ठेवा. रूढीमागे कचेरी होती, शिक्का होता, दंड होता.

पूजेचे गणित थोडक्यात सांगतो. देवाचा दिवस राजासारखा : पहाटे काकडा, मग नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, पोशाख, धूपारती, रात्री शेजारती. या कामांच्या वाटण्या वंशपरंपरेने ठरलेल्या. पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे हे सात सेवाधारी आणि सगळ्यांवर बडवे. रुक्मिणीकडे उत्पात. देवापुढे पडणाऱ्या पैशाचा हक्क बडवे मंडळी आपसांत लिलावाने घेत. लिलाव घेणाऱ्याने त्या दिवसाचे उत्पन्न वसूल करायचे, म्हणजे वारकऱ्याच्या खिशातूनच. शेतकऱ्याने पंधरा दिवस चालत यायचे आणि शेवटच्या दहा पावलांत नाडले जायचे. हा त्रास सवर्ण वारकऱ्यालाही झाला आणि त्याविरुद्ध तक्रारी त्यांनीच केल्या. देऊळ हा धर्माचा विषय म्हणून आपण बोलतो, पण ज्यांच्या हाती ते होते ते त्याला मिळकत समजत होते.

बाबासाहेबांच्या घरात पंढरपूर एका वेगळ्या वाटेने आले होते. रमाईंना पंढरीला जायची ओढ होती. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की जे पंढरपूर भक्तांना देवाजवळ जाऊ देत नाही ते काय कामाचे, आपण आपल्या वागण्याने आणि सेवेने दुसरे पंढरपूर उभे करू. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. पण ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी दादासाहेब गायकवाडांना स्पष्ट कळवले की हा सत्याग्रह मूर्तिपूजेसाठी नव्हता, आपल्या माणसांत चेतना यावी, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी. आमच्यातले काही मित्र विचारतात, मग पंढरपूरच्या दाराची चर्चा कशाला? उत्तर सोपे आहे. आत जायचे की नाही हे आपण ठरवणे वेगळे आणि दुसऱ्याने अडवणे वेगळे. पहिला निर्णय आहे, दुसरी गुलामी.

दार उघडले ते १९४७ मध्ये. तारखा पाहा. २९ एप्रिल १९४७ ला दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करण्याचे कलम मंजूर केले. लगेच १ मे रोजी पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले, कारण बडवे देऊळ उघडायला तयार नव्हते. त्याआधी गुरुजींनी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर दौरा केला होता. दहा दिवसांच्या उपोषणानंतर बडव्यांनी मान तुकवली. त्याच वर्षी मुंबई राज्याचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा आला आणि पुढे संविधानाच्या कलम २५ ने हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार सरकारला दिला. साने गुरुजींच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. आपल्या समाजाचे पाप धुवायला जीव पणाला लावणारी माणसे कमी असतात. पण 'वारकरी परंपरेने समता आणली' असे म्हणताना सातशे वर्षे परंपरा होती आणि दार बंद होते, हे विसरता येत नाही. दार उघडायला एका माणसाचे प्राण पणाला लागले, आणि ते उघडे राहावे म्हणून कायदा लागला.

अस्पृश्य आत येणार म्हणून देवाचे देवत्व आधीच घागरीतल्या पाण्यात काढून घेतले गेले, अशी एक हकीकत पंढरपुरात सांगतात. म्हणजे महार-मांगांनी ज्याच्या पायांवर डोके ठेवायचे तो नुसता दगड, खरा देव घागरीत! पुरोहिताच्या तर्काने पाहिले तर देव इतका हलका आहे की मंत्राने घागरीत मावतो. आमच्या चार्वाकी मित्रांना याहून मोठा युक्तिवाद सुचणार नाही.

बडव्यांची मिळकत मात्र अजून शाबूत होती. न्या. नाडकर्णी आयोगाने गैरकारभाराची चौकशी केली, १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला, वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. बडवे-उत्पात न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा १५ जानेवारी २०१४ रोजी फेटाळला. म्हणजे कायदा झाल्यावर चाळीस वर्षे. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पूजेच्या कामासाठी अर्ज मागवले. पुंडलिकाच्या कथेत नसलेला पुजारी हलवायला देशातले सर्वांत मोठे न्यायालय लागले.

आता त्या दुसऱ्या संदेशाकडे येऊ. विठ्ठल म्हणजे बुद्ध का?

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी हे मत मांडले. पुंडरीक म्हणजे कमळ, पांडुरंग हा शब्द त्याच्याशी जोडलेला, आणि पंढरपूरची मूर्ती ही बुद्धाचीच, असा त्यांचा रोख होता. पण त्याच भाषणातले दुसरे वाक्य आपले लोक सोडून देतात. या विषयावर आपण प्रबंध लिहिणार आहोत आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणार आहोत, असे ते म्हणाले होते. मंडळ म्हणजे राजवाड्यांनी उभी केलेली संस्था, जिथे ऐकणारे बहुतेक विरुद्ध मताचे असणार. बाबासाहेब आपले मत तिथे तपासायला ठेवणार होते. दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले आणि तो प्रबंध राहून गेला.

त्यांच्या मताला आधार नाही असे मुळीच नाही. जुन्या पंचांगांवर आणि चित्रांत दशावतार छापले की नवव्या, बुद्धाच्या जागी विठ्ठल-रखुमाई उभे असत. नामदेव, जनाबाई, एकनाथ यांच्या अभंगांत विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलेले आढळते. ढेऱ्यांनीही या परंपरेची दखल घेतली. शस्त्रहीन, मौन, उभा असलेला हा देव लोकांना बुद्धासारखा वाटला, यात शंका नाही. पण लोकमानसातली ओळख वेगळी आणि जागेचा पुरावा वेगळा. लेण्याद्रीला जा. गिरिजात्मज गणपती ज्या दालनात बसला आहे तो बौद्ध विहार आहे, भिक्खूंच्या खोल्या भिंतींत जशाच्या तशा आहेत, कुणालाही दाखवता येतात. पंढरपुरात इतका उघड दगडी पुरावा आज समोर नाही. जैनांचाही या मूर्तीवर दावा आहे, शैवांचाही. म्हणून आम्ही म्हणतो, हे मत बाबासाहेबांनी ज्या शिस्तीने मांडायचे ठरवले होते त्याच शिस्तीने मांडले पाहिजे. आणि आपला न्यायाचा दावा त्यावर टांगून ठेवण्याची गरज नाही. विठ्ठल उद्या बुद्ध ठरला काय किंवा गवळ्यांचा वीर ठरला काय, १७८४ चा हुकूम खरा आहे, मंगळवेढ्याची भिंत खरी आहे, आणि तो चाळीस वर्षांचा खटलाही खरा आहे.

१९४८ मध्ये बाबासाहेबांचे अस्पृश्यांच्या उगमावरचे इंग्रजी पुस्तक आले. ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केले. चोखोबा नाकारायचे की स्वीकारायचे यावर आपल्यात पूर्वीपासून वाद आहे. १९३० च्या दशकात अनेकांनी गळ्यातल्या माळा तोडल्या, ते योग्यच होते. पण ही अर्पणपत्रिका लिहिणारा माणूस चोखोबांची भक्ती घेत नव्हता, त्यांना सन्मानाने आपल्या रांगेत घेत होता. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, गाडगेबाबांनी पंढरपुरात अस्पृश्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पंढरपुरात जाऊनही देवळात न जाणारे गाडगेबाबा वाळवंट झाडत आणि तिथेच कीर्तन करत. रमाईंना सांगितलेले दुसरे पंढरपूर कसे असते, ते त्या धर्मशाळेच्या हस्तांतरात थोडेफार दिसते.

राहिलेले काम मोठे आहे. चौऱ्याऐंशीच्या लेखाचे वाचन छापलेले आहे, ग्रंथालयात मिळते. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल पुण्यात आहेत. देवळांचे तंटे, वेठ, महारवाडे, दंड यांची मोडीतली कागदपत्रे अजून कितीतरी उघडायची आहेत, आणि आजवर ती उघडणारे हात बहुतेक एकाच समाजाचे होते. मोडी शिकवणारे वर्ग अनेक शहरांत चालतात. पुढच्या आषाढीपर्यंत आपल्या प्रत्येक अभ्यास मंडळातून दोघांनी तरी नाव घालावे.